युनिक्सने घर बदललं तेव्हा

लॅपटॉपवर छान चालणारा प्रोग्राम मोबाईलच्या एआरएम चिपसाठी कंपाइल करायला घेतला आणि स्क्रीन एररने भरून गेली, असं तुमचंही झालंय का? आज त्या डोकेदुखीचा थोडा इतिहास.

साल १९७७, अमेरिकेतली बेल लॅब्स. युनिक्स तेव्हा पीडीपी-११ या १६ बिटच्या मशीनवर नांदत होतं. डेनिस रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी ते इंटरडेटा ८/३२ या ३२ बिटच्या मशीनवर न्यायला घेतलं. गंमत म्हणजे त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर स्वतंत्रपणे इंटरडेटा ७/३२ वर हेच करत होते.

युनिक्सचा गाभा १९७३ मध्येच सी भाषेत लिहून झाला होता. मग नवा कंपायलर केला की काम संपलं? नाही ना! लोकांना जुन्या मशीनच्या सवयी लागल्या होत्या. पॉइंटर आणि पूर्णांक बिनधास्त एकमेकांच्या जागी वापरले जायचे, आणि कंपायलर गप्प बसायचा. शिवाय पीडीपी-११ शब्दातला खालचा बाइट आधी ठेवायचं, इंटरडेटा वरचा. त्यामुळे अक्षरांच्या जोड्या उलटायच्या: 'यू-एन-आय-एक्स'चं 'एन-यू-एक्स-आय'! या घोटाळ्याला पुढे 'नक्सी प्रॉब्लेम' हेच नाव पडलं.

लिंकरची तऱ्हा आणखी वेगळी. फंक्शनच्या नावातली पीडीपी-११ वर पहिली सात अक्षरं धरली जायची, हनीवेल ६००० वर फक्त सहा. म्हणजे 'रिपोर्टवन' आणि 'रिपोर्टटू' ही इंग्रजीत लिहिलेली नावं एकीकडे वेगळी, दुसरीकडे दोन्ही नुसती 'रिपोर्ट'. कोडमध्ये एक अक्षर न बदलता भांडण सुरू!

यावर उपाय काय निघाला? जॉन्सनने नव्या मशीनवर सहज नेता येईल असा कंपायलर लिहिला, आणि सोबत 'लिंट' नावाचं टूल. कपड्यावरचं कस्पट वेचावं तशी ही संशयास्पद कोड वेचून दाखवायची. सी भाषाही टाइपच्या बाबतीत हळूहळू कडक होत गेली.

म्हणून पुढच्या वेळी एररची रांग लागली, तर आधी सगळ्यात वरची एरर वाचा. विचारा, इथे मी जुन्या मशीनची कोणती गोष्ट गृहीत धरली? ओरडणारा कंपायलर परवडला. गप्प बसणारा मात्र महागात पडतो.

भेटू पुढच्या भागात!