सोन्यामागचं ओझं

सिअ‍ॅटलच्या पायोनियर स्क्वेअर भागात कॅडिलॅक हॉटेल नावाची जुनी विटांची इमारत आहे. १८८९च्या मोठ्या आगीनंतर शहर पुन्हा उभं राहिलं, तेव्हाची. २००१च्या भूकंपात ती पार खिळखिळी झाली. तिची डागडुजी झाली आणि २००६पासून तिथे क्लोंडाइकच्या गोल्ड रशचं, म्हणजे कॅनडातल्या क्लोंडाइक भागात सोन्यासाठी उसळलेल्या गर्दीचं, लहानसं संग्रहालय आहे. अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा ते चालवते. तिकीट नाही, कुणीही आत यावं. लेकीकडे सिअ‍ॅटलला गेलो की मी तिथे जातो. माझी हयात पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाच्या आडतीत गेली, त्यामुळे माझे पाय सोन्यापेक्षा किराण्याच्या यादीपाशी जास्त रेंगाळतात.

ती यादी म्हणजे क्लोंडाइकला निघालेल्या एका माणसाचा वर्षभराचा शिधा आणि सामान. पीठ सुमारे ४०० पौंड, म्हणजे १८० किलो. त्याशिवाय खारवलेलं डुकराचं मांस, घेवड्यासारखं कडधान्य, साखर, कॉफी, वाळवलेले बटाटे, कांदे आणि सफरचंदं. मग मेणबत्त्या, काड्यापेट्या, कुऱ्हाड, करवत, खिळे, आणि होडीच्या फटी बुजवायला डांबर. हे सगळं मिळून जवळजवळ एक अमेरिकन टन भरायचं. आमच्या हिशेबात नऊ क्विंटल.

एवढं सामान हौसेनं कुणी नेत नव्हतं. १८९७च्या हिवाळ्यात क्लोंडाइकमधल्या डॉसन गावाला अन्न कमी पडलं. उपासमारीच्या भीतीनं कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी घाटमाथ्यावर चौक्या बसवल्या. वर्षभराचा शिधा सोबत नसेल त्याला सरहद्द ओलांडता येईना. या नियमानं असंख्य जीव वाचले, आणि सिअ‍ॅटलच्या व्यापाऱ्यांचं नशीबही फळफळलं.

त्याआधी, १७ जुलै १८९७ रोजी ‘पोर्टलंड’ ही आगबोट सिअ‍ॅटलच्या धक्क्याला लागली, तेव्हा तिच्यावर क्लोंडाइकचं टनाहून जास्त सोनं होतं. गावानं हातातली कामं टाकली. महापौर वुड यांनीही राजीनामा देऊन उत्तरेची वाट धरली. व्यापारी मात्र जागेवर राहिले. त्यांच्या चेंबर ऑफ कॉमर्सनं इरॅस्टस ब्रेनर्ड या पत्रकाराला कामाला लावलं, आणि क्लोंडाइकला जायचं तर सिअ‍ॅटलमधूनच, हे त्यानं देशभर ठसवलं. ‘कूपर अँड लेव्ही’ या दुकानापुढे पोत्यांची आणि खोक्यांची थप्पी पदपथावर उंच रचलेली आहे, असा त्या काळातला फोटो प्रसिद्ध आहे. त्या थप्पीवरून दुकानाची उलाढाल मला लगेच कळते. १८९० साली ४२,८३७ वस्तीचं हे शहर १९०० साली ८०,६७१वर गेलं. सुमारे एक लाख माणसं क्लोंडाइकला निघाली, त्यांतली तीस-चाळीस हजार पोचली. तोवर चांगल्या ओढ्यांवरच्या जागा आधीच्यांनी अडवल्या होत्या. हाती सोनं लागलं ते थोड्यांच्या, पीठ मात्र प्रत्येकानं विकत घेतलं होतं.

इथवरची हकीकत कुठलाही व्यापारी आवडीनं सांगेल. पण माल विकला गेला म्हणजे पोचला असं होत नाही, हे मार्केट यार्डात जन्म काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आगबोट अलास्कातल्या डाया गावापर्यंत जाई. तिथून चिलकूट खिंडीतून लेक बेनेट ५३ किलोमीटर. शेवटचा चढ इतका उभा की हिवाळ्यात बर्फात सुमारे दीड हजार पायऱ्या खोदल्या होत्या. एका वेळी पाठीवर पंचवीस-तीस किलो धरले तरी नऊ क्विंटलला तीस-पस्तीस खेपा होतात. एरिक हेग या छायाचित्रकारानं टिपलेली त्या चढावरची माणसांची काळी रांग जगभर गाजली. ती रांग पाहताना एकच माणूस तिच्यात पुन्हा पुन्हा उभा राहिलाय, हे ध्यानात ठेवावं लागतं.

ज्यांच्याजवळ पैसे होते ते हमाल लावत. हे हमाल म्हणजे तिथले मूळ रहिवासी, ट्लिंगिट आणि त्यांचे शेजारी. बायका आणि मुलंही ओझी वाहत. ही वाट मुळात चिलकूट ट्लिंगिटांची. पिढ्यानपिढ्या त्यांचा व्यापार या खिंडीतून चाले आणि परक्याला तिथे मज्जाव असे. १८८०मध्ये अमेरिकन नौदलाच्या मध्यस्थीनं ती गोऱ्यांना खुली झाली, आणि वाटेचे मालक त्याच वाटेवर ओझी वाहू लागले. तरी ते लाचार नव्हते. चढाच्या पायथ्याशी ‘स्केल्स’ नावाच्या जागी माल पुन्हा काट्यावर चढायचा आणि पुढच्या टप्प्याचा दर वाढायचा. हमालीचा भाव ओझं उचलणाऱ्यानं ठरवावा, ही गोष्ट आमच्याकडे किती झगडून मिळाली हे मी पाहिलेलं आहे.

त्यांना बर्फाचीही पारख होती. ३ एप्रिल १८९८ला हिमकडे कोसळतील म्हणून स्थानिक हमालांनी वर जायला नकार दिला. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यातले साठाहून जास्त लोक त्या दिवशी गाडले गेले.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहितो आहे, तो माणूस. टॅगिश जमातीतलं त्याचं नाव कीश. गोरे त्याला स्कूकम जिम म्हणत. १८८०च्या दशकात त्यानं या खिंडीतून एका खेपेत १५६ पौंड, म्हणजे सत्तर किलो मांस वर नेल्याची नोंद आहे. १६ ऑगस्ट १८९६ रोजी क्लोंडाइकच्या एका ओढ्यात सोनं सापडलं तेव्हा तो, त्याची बहीण शॉ ट्ला, तिचा नवरा जॉर्ज कार्मॅक आणि भाचा डॉसन चार्ली असे बरोबर होते. सोनं आधी कीशला दिसलं, असं त्याचे लोक सांगत आले आहेत. शोधाचा मान आणि त्यासोबतची जास्तीची जागा कार्मॅकच्या नावावर चढली. कीशला ओढ्यावर आपली जागा मिळाली आणि तो श्रीमंत झाला. १९१६ साली वारला तेव्हा त्यानं पैसा आपल्या लोकांच्या भल्यासाठी विश्वस्तांकडे ठेवला होता. व्हाइटहॉर्स गावात त्याच्या नावाचं केंद्र आजही चालतं.

१८९८मध्ये खिंडीवर सामान नेणारे तारमार्ग सुरू झाले, १९०० साली शेजारच्या व्हाइट पासमधून रेल्वे पूर्ण झाली, आणि पाठीवरच्या हमालीचा धंदा बसला. डाया ओस पडलं.

मी धंद्याला लागलो तेव्हा शंभर किलोचं पोतं पाठीवर जायचं. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, पोत्याचं वजन पन्नास किलोवर यायला मात्र पुढे फार वर्षं लागली. आमच्या पेठांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा आडत्यांची घराणी, भाव आणि उलाढाल सविस्तर येते. पोतं उचलणाऱ्याचं नाव येत नाही. हमाल म्हणून कीशचं नाव टिकलं, कारण त्यानं किती वजन कुठून कुठे नेलं हे कुणीतरी लिहून ठेवलं. आमच्या यार्डातले जुने हमाल आणि तोलणार अजून आहेत, त्यांना दर, वजनं, संप, गावं सगळं तोंडपाठ आहे. आमच्या चोपड्यांत हमाली नुसता खर्च म्हणून मांडलेली असते. माणसांच्या नावानिशी ती लिहून काढणं आम्हा आडत्यांचं देणं आहे, आणि ती माणसं हयात आहेत तोवरच ते फिटेल.