इमारत आणि इमारेत : वक्फच्या चुलीवरचा पहिला हक्क कोणाचा?

'इमारत' हा शब्द आपण मराठीत आणि उर्दूत रोज वापरतो. शाळेची इमारत, मशिदीची इमारत, पडकी इमारत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ केवळ दगडविटांचे बांधकाम असा नाही. ओसाड जागा वसवणे, तिथे माणसांची वर्दळ आणणे, ती आबाद करणे असा त्याचा विस्तार आहे. 'मामूर', 'तामीर' हे आपल्या ओळखीचे शब्द त्याच घरातले. आपल्याकडे या शब्दातल्या भिंती तेवढ्या शिल्लक राहिल्या. तुर्कांनी मात्र याच शब्दाला वेगळे वळण दिले. उस्मानी राज्यात 'इमारेत' म्हणजे जिथे गोरगरिबांना, मुसाफिरांना आणि विद्यार्थ्यांना मोफत अन्न मिळते ते लंगरखाना. ज्या वास्तूत चूल पेटत नाही ती आबाद कसली, असाच जणू त्या शब्दाचा सवाल आहे.

आज जगभर जुन्या वास्तूंचा जीर्णोद्धार होत आहे. दगड धुतले जातात, घुमट दुरुस्त होतात, अंगणात टेबल-खुर्च्या मांडल्या जातात आणि प्रवासी तिथे जेवायला बसतात. ज्या वास्तू मुळातच जेवू घालण्यासाठी बांधल्या होत्या, त्यांच्या बाबतीत 'इथे जेवायला कुठे मिळेल?' हा प्रश्न पर्यटनापुरता राहत नाही. तो इतिहासाचा आणि इन्साफाचाही होतो.

इस्तंबूलचे सुलेमानिये संकुल हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. सुलतान सुलेमानच्या हुकमाने मेमार सिनानने १५५० ते १५५७ या काळात ते उभे केले. आपण छायाचित्रांत फक्त मशीद आणि तिचे चार मिनार पाहतो. पण मशिदीच्या चहूबाजूंनी मदरसे, हदीसचे विद्यालय, मुलांचा मकतब, दवाखाना, वैद्यकशास्त्राचे विद्यालय, हमाम, मुसाफिरखाना आणि इमारेत होती. या साऱ्यावर सातशेहून अधिक माणसे वक्फच्या पगारावर काम करीत. इमारेतीत शिजलेले अन्न मदरशांतील विद्यार्थी, संकुलातील नोकर, मुसाफिर आणि शहरातले गरीब यांच्यापर्यंत जाई. मुसाफिराला तीन दिवस पाहुणा म्हणून ठेवण्याचा रिवाज होता. हा नियम आपल्या घरांतल्या मेहमाननवाजीतही ऐकू येतो.

या चुलीवर शिजत काय होते? रोजचे जेवण साधे होते. सकाळी तांदळाचे सूप, संध्याकाळी गव्हाचे सूप, सोबत पाव. सुपात चणे, कांदा, मिरी, तूप. जुम्याची रात्र, रमजान आणि दोन्ही ईदच्या वेळी मात्र मांसासह भात आणि 'झेर्दे' होई. झेर्दे म्हणजे मध, केशर घातलेला पिवळा गोड भात. नाव ऐकताच वाचकांच्या लक्षात आले असेल. फारसीतल्या 'जर्द' म्हणजे पिवळ्या रंगावरून आलेला हा आपल्या लग्नाच्या दावतीतला जर्दाच! इस्तंबूलच्या फकिराच्या थाळीत आणि मराठवाड्यातल्या निकाहच्या दस्तरख्वानावर एकाच नावाचा पदार्थ असावा, ही बाब मला एखाद्या शाही सनदेहून मोलाची वाटते.

सुलेमानची बेगम हुर्रम सुलतान हिने जेरुसलेममध्ये अशीच इमारेत उभारली. तिचे वक्फनामे १५५२चे. त्यात चारशे गरिबांना रोज दोन वेळा अन्न देण्याची तरतूद होती. पैसा कुठून येणार? लुद्द, रामला या परिसरातील गावांचा महसूल या कामासाठी लावून दिला होता. म्हणजे शहरातल्या गरिबाच्या वाडग्यात जे पडे, ते दूरच्या शेतकऱ्याच्या घामातून येई. सुलतानाच्या खैरातीचे कौतुक करताना या शेतकऱ्याला विसरून चालणार नाही. वाढण्यातही दर्जे होते. आधी नोकर, मग मुक्कामी पाहुणे, शेवटी गरीब. नोकराचा वाटा मोठा, गरिबाचा लहान. तेव्हा जुना काळ म्हणजे सगळीच बरकत आणि बराबरी होती, असे मानण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र खरी, की गरिबाचा वाटा कोणाच्या मर्जीवर नव्हता. तो वक्फनाम्यात लिहिलेला होता. रांगेत शेवटचा का होईना, त्याचा तिथे हक्क होता.

हा हक्क पुसला कसा गेला? १८२६मध्ये सुलतान महमूद दुसरा याने वक्फसाठी वेगळे सरकारी खाते स्थापन केले. विखुरलेल्या वक्फांचे उत्पन्न हळूहळू सरकारच्या हाती गेले. त्याच शतकात युरोपीय प्रवासी आणि त्यांच्या मागोमाग सुधारणावादी तुर्कही म्हणू लागले, की फुकटच्या सुपाने लोक आळशी होतात. १९११मध्ये इस्तंबूलच्या बहुतेक इमारेती बंद करण्यात आल्या. तीनच वर्षांनी, १९१४मध्ये, सुलेमानियेच्या इमारेतीत इस्लामी वक्फ वस्तूंचे संग्रहालय उघडले. वक्फच्या मशिदींतले गालिचे, कुरआनच्या हस्तलिखित प्रती, दिवे तिथे मांडले गेले. १९८३मध्ये हे संग्रहालय इब्राहिम पाशाच्या वाड्यात गेले. पुढे इमारेतीच्या त्याच अंगणात 'दारुज्जियाफे' नावाचे उपाहारगृह चालले. 'दारुज्जियाफे' म्हणजे मेजवानीचे घर. नाव जुनेच, चूलही त्याच जागेची; पण आता वाडगे घेऊन रांगेत उभे राहायचे नव्हते, बिल द्यायचे होते.

सुलेमानियेत एक वेगळे दृश्यही आहे. मशिदीसमोरच्या मदरशांच्या कडेने दुकानांची रांग आहे. या जागेला 'तिर्याकी बाजार' म्हणत, कारण कधीकाळी इथल्या कॉफीखान्यांत अफूचे शौकीन बसत. आज तिथे 'कुरू फासुल्ये' म्हणजे टोमॅटोच्या रश्शात शिजवलेला पांढरा घेवडा मिळतो. सोबत भात आणि लोणचे. गंमत अशी, की घेवडा आणि टोमॅटो दोन्ही अमेरिका खंडातून आलेले. सुलेमानच्या इमारेतीतल्या सुपात त्यांचा पत्ता नव्हता. तरीही जवळच्या विद्यापीठातले विद्यार्थी आणि कामगार जिथे पोटभर जेवतात, ती ही साधी थाळी मला इमारेतीची खरी वारस वाटते. पदार्थ बदलला तरी जेवणारा माणूस बराचसा तोच राहिला.

ग्रीसमधल्या कवाला शहरात याच्या नेमके उलटे घडले. इजिप्तचा सत्ताधीश मुहम्मद अली पाशा मूळचा कवालाचा. त्याने १८१७मध्ये आपल्या जन्मगावी मदरसे आणि लंगर असलेली इमारेत बांधली. गावातले लोक तिला 'तेंबेलहाने' म्हणत, म्हणजे आळशांचे घर! या शतकाच्या सुरुवातीला तिचा अतिशय देखणा जीर्णोद्धार झाला आणि तिथे उंची हॉटेल सुरू झाले. वास्तू वाचली, हे मान्यच करायला हवे. पण गंमत पाहा, गरीब फुकट जेवत होता तेव्हा ते आळशांचे घर होते. आता श्रीमंत माणूस पैसे मोजून तिथे दिवसभर निवांत पहुडतो, तेव्हा त्याला कोणी आळशी म्हणत नाही. जेरुसलेममध्ये मात्र हुर्रम सुलतानच्या नावाचा 'तकिया' विसाव्या शतकातल्या सगळ्या उलथापालथींतून टिकून एकविसाव्या शतकातही गरिबांना अन्न देत राहिला.

आपल्याकडे औरंगाबादची, आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की आठवावी. बुखाऱ्याकडच्या गिज्दुवानहून आलेले नक्शबंदी बुजुर्ग बाबा शाह मुसाफिर यांचे हे खानकाह. शहराच्या उत्तरेकडून मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंचावरून पडे, त्याच्या जोराने जाते फिरे आणि खानकाहतल्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. पाणचक्की म्हणजे आपल्या मुलुखातल्या इमारेतीचे जातेच. आज प्रवासी तिकीट काढून आत येतात, पडणाऱ्या पाण्याचे फोटो काढतात, वडाखाली बसतात. हे जाते कोणासाठी दळत होते, हा प्रश्न किती जणांच्या मनात येतो? महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालयही याच आवारात आहे. हा योगायोग आपल्याला विचार करायला लावणारा आहे.

वक्फच्या कायद्यात 'मंशा-ए-वाकिफ' असा शब्द आहे. वक्फ करणाऱ्याचा हेतू काय होता, हे पाहावे लागते. जीर्णोद्धाराला पैसा लागतो, तिकीट आणि भाडे यांतून तो येतो, यात गैर काही नाही. मी जीर्णोद्धाराच्या विरोधात नाही. उलट आपल्या कितीतरी वक्फ वास्तूंचा एक दगडही कोणी सावरलेला नाही, याचे दुःख अधिक आहे. पण दगडाबरोबर हेतूचाही जीर्णोद्धार व्हायला हवा. जिथे लंगर होते तिथे उपाहारगृह चालवायचे असेल, तर त्याच्या कमाईतली एक देग गरिबांसाठी करारातच लिहून ठेवणे अवघड नाही. 'नफा झाला तर देऊ' असे म्हणून भागणार नाही. हुर्रम सुलतानने चारशेचा आकडा लिहून ठेवला होता, तसाच आकडा लिहावा लागेल.

उर्दू शाळेत शिकवताना मधल्या सुट्टीत मुलांची रांग मी रोज पाहते. २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हापासून खिचडी हा मुलांचा हक्क झाला. फुकटच्या खिचडीने मुले आळशी होतील, असे म्हणणारे आपल्याकडेही भेटले. प्रत्यक्षात पोट भरलेले मूलच धड्याकडे लक्ष देते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. सुलेमानियेच्या बांधणीत मदरसे आणि मुदपाकखाना एकाच आराखड्यात आहेत, त्यामागचे शहाणपण हेच. आपल्या समाजाने इमारती पुष्कळ बांधल्या. मशिदींच्या मिनारांची उंची वाढवण्यात आपण मागे नाही. आता नव्या बांधकामाचा नकाशा मंजूर करताना मुतवल्लींनी आणि विश्वस्तांनी एवढेच विचारावे : यात चूल कुठे आहे, आणि तिच्यावर पहिला हक्क कोणाचा?