गिली : पोऱ्या म्हणून जन्मलेल्या एका शब्दाची गोष्ट

१/
७ ऑक्टोबर १९२२. स्कॉटलंडमधील टे नदीवर दिवस कलत असताना जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीच्या गळाला एक सॅमन मासा लागला. नाव वल्हवत होते तिचे वडील जेम्स. सुमारे दोन तासांच्या झुंजीनंतर, काळोख दाटल्यावर, मासा नावेत आला. वजन भरले ६४ पौंड, म्हणजे सुमारे २९ किलो. ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सर्वांत मोठ्या सॅमनचा हा विक्रम शंभर वर्षे उलटली तरी अबाधित आहे.

२/
जेम्स बॅलंटाइन त्या नदीवर जे काम करीत, ते करणाऱ्याला इंग्रजीत 'गिली' म्हणतात. शब्दकोश त्याचा अर्थ एका ओळीत उरकतात : शिकारीला किंवा मासेमारीला निघालेल्या धन्याचा मदतनीस. या एका ओळीमागे मात्र स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाचा, हायलंड्सचा, काही शतकांचा इतिहास आहे.

३/
शब्द मुळात इंग्रजी नाही, गेलिक आहे. गेलिकमध्ये त्याचा अर्थ 'मुलगा', आणि त्यावरून 'चाकर'. मराठीतही असेच घडले आहे. 'पोऱ्या' म्हणजे मुलगा आणि दुकानात हरकाम करणाराही. 'गडी' म्हणजे पुरुष आणि घरकामाचा नोकरही. वयाचा किंवा पुरुषपणाचा शब्द चाकरीला चिकटतो, आणि मग माणूस म्हातारा झाला तरी 'पोऱ्या'च राहतो.

४/
हीच चाकरी देवाची असेल, तर तिला मान मिळे. गिलख्रिस्ट या आडनावाचा अर्थ 'ख्रिस्ताचा सेवक'. आपल्याकडील रामदास, गोविंददास यांच्याच घडणीचे हे नाव. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हिंदुस्तानी शिकवणारे जॉन गिलख्रिस्ट हे स्कॉटिश होते. त्यांच्या आडनावातून हा 'गिली' हिंदुस्थानात केव्हाच येऊन गेला होता.

५/
हायलंड्समधील कुळांच्या सरदाराभोवती अशा सेवकांचा लवाजमा असे. वॉल्टर स्कॉट यांच्या १८१४ च्या 'वेव्हर्ली' या कादंबरीत त्याची यादीच आहे : एक गिली तलवार वाहणारा, एक घोड्याचा लगाम धरणारा, एक सामान उचलणारा. आणि एक ओल्या पायांचा! वाटेत ओढा आला की सरदाराला पाठीवर घेऊन पार करणे, हे त्याचे काम. सरदाराचे पाय कोरडे राहावेत म्हणून याचे भिजत. दक्षिणेकडील सखल प्रदेशातले लोक या 'ओल्या पायांच्या गिली'चा उल्लेख हेटाळणीने करीत.

६/
१७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांचा पराभव झाला. त्यानंतर कायद्याने सरदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले. सरदार हळूहळू निव्वळ जमीनदार झाले. मेंढ्यांसाठी कुरणे हवीत म्हणून अनेक खोऱ्यांतून कुळांना हुसकावण्यात आले. ज्या समाजव्यवस्थेत 'गिली' या शब्दाला जागा होती, ती व्यवस्थाच मोडली.

७/
शब्द मात्र वाचला, कारण त्याला नवे धनी मिळाले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंत हरणांच्या आणि सॅमनच्या शिकारीसाठी उत्तरेकडे येऊ लागले. व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्ट यांनी १८४८ मध्ये बालमोरल भाड्याने घेतले व १८५२ मध्ये विकत घेतले. राजघराण्याचे पाहून ही हौस अधिकच प्रतिष्ठेची झाली. बालमोरलच्या गिलींपैकीच एक जॉन ब्राउन. अल्बर्ट यांच्या निधनानंतर तो राणीचा इतका विश्वासू सेवक झाला की दरबारात त्याच्याविषयी कुजबुज चाले. राणीने १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेले आपल्या रोजनिशीतील उताऱ्यांचे पुस्तक अर्पण करताना त्याच्या स्मृतीचा खास उल्लेख केला.

८/
नदीवरील गिलीचे काम केवळ हमालीचे नव्हते. सॅमन समुद्रातून नदीत चढतो तो अंडी घालण्यासाठी. गोड्या पाण्यात तो सहसा खातच नाही. अशा माशाला गळाकडे वळवायचे, तर तो प्रवाहात कोणत्या खडकाआड विसावतो, पाणी चढले की कुठे सरकतो, गढूळ पाण्यात पिसांचा कोणता कृत्रिम कीटक चालेल, हे ठाऊक असावे लागते. पाहुणा आठवडाभरासाठी येई. गिलीने ती नदी वर्षानुवर्षे पाहिलेली असे.

९/
हे ज्ञान युद्धातही लागले. १९०० मध्ये, बोअर युद्धाच्या काळात, लॉर्ड लोव्हट यांनी हायलंड्समधील गिली आणि हरणांचे माग काढणारे लोक यांची 'लोव्हट स्काउट्स' ही तुकडी उभी केली. पहिल्या महायुद्धात याच स्काउट्सनी दुर्बिणीतून टेहळणी आणि नेमबाजी केली. झाडपाल्यात मिसळून जाणारा सैनिकी पोशाख आज 'गिली सूट' म्हणून ओळखला जातो. व्हिडिओ गेममध्ये तो चढवणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते की त्या नावात एक हायलंडी चाकर दडलेला आहे.

१०/
आता पुन्हा टे नदीकडे. मासा धरला की नोंद होते ती गळाची काठी हातात असणाऱ्याची. नाव कोणी वल्हवली, मासा कुठे असेल हे कोणी सांगितले, ते वहीत येत नाही. किती जमीनदारांच्या आणि पाहुण्यांच्या विक्रमांमागे किती गिली असतील, याची मोजदाद म्हणूनच होऊ शकत नाही. त्या संध्याकाळी काठी गिलीच्याच मुलीच्या हाती होती. त्यामुळे ब्रिटनच्या सर्वांत मोठ्या सॅमनपुढे लागलेले 'बॅलंटाइन' हे आडनाव मासा धरणारीचे आहे, तसेच वल्ही मारणाऱ्याचेही.