पुण्याची सहल आणि दगडावरची नावं

सुगी आवरली, दिवाळी पार पडली की आपल्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे सहलीचा. कुणी जेजुरी म्हणतं, कुणी आळंदी, कुणी दगडूशेठचा गणपती. वर्षातून एक दिवस घरातून बाहेर पडायला मिळतं, तेव्हा देवदर्शन हवंच. आज मी तुम्हाला पुण्याच्या आसपासच्या अशा काही ठिकाणांचा इतिहास सांगणार आहे, की जिथं देवदर्शनाच्या वाटेवरच आणखी काही बघण्यासारखं आहे. जिथं जाल तिथं एकच गोष्ट शोधायची: इथं एखाद्या बाईचं नाव लिहिलेलं आहे का?

पहिलं ठिकाण कार्ल्याचं. पुण्याहून साधारण ६० किलोमीटर. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं आणि पुढं रिक्षा करायची. आपल्यातल्या बऱ्याच जणी एकवीरा आईच्या दर्शनाला तिथं गेल्या असतील. पायऱ्या चढून वर गेलं की देवीचं देऊळ, आणि त्याला लागूनच डोंगरात कोरलेलं भलंमोठं बौद्ध लेणं. दर्शन झालं की पुष्कळ जणी थेट खाली उतरतात. तसं करू नका. तिकीट काढा आणि आत जा.

हे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत हे सगळ्यात मोठं. लांबी सुमारे १२४ फूट, उंची ४५ फुटांच्या आसपास. छताला लाकडाच्या कमानी आहेत, त्यासुद्धा त्याच काळातल्या. पण मला सगळ्यात नवल वाटतं ते यासाठी लागलेल्या खर्चाचं. हे काम एका राजानं खजिन्यातून केलेलं नाही. व्यापारी, सुतार, सुगंधी द्रव्यं विकणारा, दूरदेशीचे यवन, भिक्षू आणि भिक्षुणी अशा कितीतरी जणांनी दान दिलं. कुणी एक खांब दिला, कुणी दरवाजा. आपण म्हणू वर्गणी काढली. आणि ज्यानं जे दिलं, त्याची नोंद तिथंच दगडावर कोरून ठेवली.

त्या नोंदी ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. त्यात बायकाही आहेत. एका लेखात महादेवणक नावाच्या गृहस्थाच्या आईचं, भायिलाचं, दान नोंदवलेलं आहे. दुसऱ्या एका लेखात घुणिकाची आई कोडी हिचं नाव आहे. ती भिक्षुणी होती आणि तिनं कोरीव कठड्यासाठी दान दिलं. तो कठडा कोरणाऱ्या कारागिराचं, नंदिकाचं, नावही सोबत आहे. आपल्याला ती लिपी वाचता येणार नाही, पण या लेखांतले ‘मातु’ आणि ‘दानं’ हे शब्द कुणी वाचून दाखवले तर समजावून सांगावे लागणार नाहीत. भायिला राणी नव्हती. घरसंसारातली बाई होती. तिच्या हातात काहीतरी स्वतःचं होतं, ते तिनं दिलं, आणि देणारीचं नाव म्हणून तिचं नाव राहिलं.

याच कार्ल्याच्या लेखांत सातवाहन राजाचं नाव येतं वासिष्ठीपुत्र पुळुमावी, म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. राजाच्या नावात आईचं नाव! याचा अर्थ तेव्हा बायकांचं राज्य होतं असा नाही. गादी बापाकडून मुलाकडेच जायची. पण आईचं नाव लावण्यात कमीपणा नव्हता, एवढं नक्की. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचा नियम झाला, तेव्हा लोक म्हणाले, हे काय नवीन? मैत्रिणींनो, ते नवीन नाही. फार जुनं आहे.

दुसरं ठिकाण जुन्नरच्या बाजूचं. सकाळी लवकर निघालात तर शिवनेरी आणि नाणेघाट एका दिवसात होतात. शिवनेरीवर शिवाई देवीचं दर्शन घ्यायचं, शिवरायांचं जन्मस्थान बघायचं आणि मग घाटाच्या वाटेला लागायचं. पावसाळ्यात तिथं धुकं आणि निसरडं असतं, म्हणून बायामाणसांना, म्हाताऱ्यांना घेऊन जायचं तर थंडीच बरी.

नाणेघाट हा कोकणातून वर देशावर येणारा जुना व्यापारी रस्ता. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांचा जकातीचा पैसा त्यात पडायचा, असं सांगतात. जवळच्या गुहेच्या भिंतींवर एक लांबलचक लेख आहे. तो नागनिका या सातवाहन राणीचा. तिनं आणि तिच्या पतीनं, सातकर्णी राजानं, केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची त्यात यादी आहे. किती गायी दिल्या, किती नाणी दिली, सगळं आकड्यांसकट. भारतातल्या अंकलेखनाचा अभ्यास करणारे आजही या लेखाकडे येतात. पती गेल्यावर मुलं लहान असताना तिनंच कारभार पाहिला असावा, असं अभ्यासक मानतात.

त्या गुहेत पूर्वी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता फक्त पावलांच्या खुणा उरल्यात, पण वर कोरलेली नावं आहेत. त्यात राणी आणि राजाचं नाव एकत्र आहे, आणि आधी राणीचं आहे. हिशेब आकड्यांत लिहून ठेवणारी ही बाई मला आपल्या गटाच्या सचिवासारखी वाटते.

तिसरी सहल पुणे शहरातच. दगडूशेठ गणपतीला तर आपण जातोच. त्याच्या समोरच्या बाजूला भिडे वाडा होता. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती तिथं. तो जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, आणि त्या जागी राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं आहे. तिथून गंज पेठेतल्या फुले वाड्यात जा. आवारात हौद बघा. १८६८ साली फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, तो हा हौद. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीनं आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला, आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ मध्ये छापून आला. ती तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. कार्ल्यात भायिलाचं नाव दुसऱ्यानं कोरलं. मुक्तानं आपलं म्हणणं स्वतःच्या हातानं लिहिलं.

संध्याकाळी नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसला जा. १८९२ सालचा हा महाल. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तो बांधायला घेतला. आपल्या रोजगार हमीच्या कामासारखंच समजा. बांधणाऱ्या मजुरांची नावं मात्र तिथं कुठं नाहीत. मागच्या बाजूला कस्तुरबांची समाधी आहे. शेजारीच गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांची. कस्तुरबा नवऱ्याच्या मागोमाग म्हणून तुरुंगात गेल्या, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना पकडल्यावर, मुंबईत शिवाजी पार्कच्या सभेत आता मी बोलेन असं त्यांनी जाहीर केलं, म्हणून त्यांना अटक झाली. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीला, त्या याच कैदेत गेल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी नेसवून त्यांना निरोप दिला.

शेवटचं ठिकाण मुळशीचं. पावसाळ्यात ताम्हिणीचे धबधबे बघायला गाड्यांची रांग लागते. वाटेत धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. त्या पाण्याखाली गावं आहेत. मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीनं धरण बांधायला घेतलं, तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू केला. पुढं सेनापती बापट या लढ्याचे पुढारी झाले. बायाही त्यात होत्या. तरी धरण झालं. का झालं, त्याचं एक कारण लक्षात ठेवा. कितीतरी जमिनी कागदावर सावकारांच्या होत्या. कागदावर नाव असणाऱ्याला मोबदला हवा होता, आणि कसणाऱ्याला जमीन. कसणाऱ्याचं काही चाललं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, सहलीहून परत आल्यावर पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरचे कागद घेऊन या. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, नमुना ८, त्यावर पती-पत्नी दोघांचं नाव लागतं. तुमचं लागलंय का? सातबाऱ्यावर नवऱ्यानं आपणहून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय आहे. कुणी अर्ज केलाय का? आपण पेरतो, खुरपतो, काढतो. दोन हजार वर्षांपूर्वी भायिलाचं नाव दगडावर लागलं. आपलं निदान कागदावर लागू दे. ग्रामसेवकाकडे, तलाठ्याकडे एकटीनं जायला संकोच वाटत असेल, तर सहलीला जशा दहाजणी मिळून गेलात, तशाच दहाजणी मिळून जा.