कमरेचे कडे

हातातली बांगडी फुटते तेव्हा ती सहसा एकाच जागी फुटत नाही. आपल्या कमरेखाली हाडांचे जे कडे आहे, त्याचेही तसेच. दोन बाजूंना दोन रुंद हाडे आणि मागे कण्याच्या टोकाचे त्रिकोणी हाड. पुढून नि मागून असे दोन्हीकडे हे कडे मोडले, की उभे राहणे दूरच, माणसाला कूसही बदलता येत नाही.

फ्रान्सच्या मालगेन या शल्यवैद्याने १८४७ साली आपल्या ग्रंथात या दुहेरी मोडीचे वर्णन केले. उपाय तेव्हा एवढाच : कंबर झोळीत टांगायची, पायाला वजन लावायचे आणि महिनोन्‌महिने पडून राहायचे. हाड सांधे, पण पुष्कळदा पाय आखूड पडे नि चाल बिघडे. पुढे शस्त्रक्रिया आली, पण मोठी चीर म्हणजे मोठा रक्तस्राव, आणि जखम चिघळण्याची धास्ती.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. हजारो माणसे गेली. अशा ओझ्याखाली चेंगरूनच तर हे कडे मोडते! नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालीच निघाले होते. लातूरला ते यायला २००२ साल उजाडावे लागले.

किल्लारीनंतर दोनच वर्षांनी, १९९५ साली, अमेरिकेतल्या सिएटलचे राऊट आणि त्यांचे सहकारी यांनी रोग्याला उताणे निजवून, कातडीतल्या लहानशा छेदातून मागच्या हाडात स्क्रू बसवण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. यात डॉक्टरांचे डोळे म्हणजे सी-आर्म, कमानीसारखे क्ष-किरण यंत्र. ते वरून, तिरके, बाजूने फिरवून पडद्यावर हाड पाहायचे; आधी बारीक तार घालायची, मग तिच्यावरून पोकळ स्क्रू. ऐकायला सोपे वाटते ना? पण वाट अरुंद आहे. तार थोडी जरी चुकली, तरी पायाकडे जाणारी नस दुखावते. शिवाय सरकलेले हाड आधी जागेवर आणावे लागते, आणि दिवस लोटले की ते हलता हलत नाही.

त्याच्याही आधी जीव वाचायला हवा, कारण या मोडीत आतल्या आत लिटरांनी रक्त जाते. नांदेड-लातूरच्या रस्त्यावर असा जखमी दिसला तर त्याला बसवू नका, कुशीवर लोळवू नका. चादरीची रुंद घडी करून ती कमरेला नव्हे, तर खाली खुब्यांच्या पातळीवर घट्ट आवळा, आणि आहे तसा उताणाच दवाखान्यात न्या.