जळू, हेपारिन आणि मूत्रपिंडाचा रुग्ण

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये टाकलेल्या छावणीचे पुढे लष्कर हे शहर झाले. छावणीच्या मागोमाग उत्तरेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना जो आयुर्वेद परिचित होता, त्यात दूषित रक्त काढण्यासाठी जळू लावणे, म्हणजे जलौकावचारण, हा मान्य उपचार होता. सुश्रुतसंहितेने जळवांचे १२ प्रकार सांगून त्यांतील ६ विषारी ठरवले. शिवाय वाहते रक्त थांबवण्याचे ४ मार्गही दिले: तुरट द्रव्यांनी व्रण सांधणे, थंडाव्याने रक्त घट्ट करणे, भस्म लावणे आणि अखेरीस डाग देऊन शिरा आखडवणे. रक्त वाहते करण्याच्या विद्येत ते थांबवण्याची विद्या अंतर्भूतच असली पाहिजे, ही जाण पुढच्या काळात वारंवार महागात पडून पुन्हा मिळवावी लागली.

जळू सुटल्यावरही दंशातून रक्त बराच वेळ का पाझरते, याचे उत्तर जॉन हेक्राफ्ट यांना १८८४ मध्ये मिळाले: तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, ज्याला पुढे हिरुडिन म्हटले गेले. याच द्रव्याच्या बळावर जॉन एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१३ मध्ये बाल्टिमोर येथे प्राण्यांचे रक्त शरीराबाहेर पातळ नळ्यांतून फिरवून गाळले, कारण परक्या पृष्ठभागाला स्पर्श होताच रक्त गोठते आणि यंत्र तुंबते. जर्मनीत गिसेन येथे गेऑर्ग हास यांनी १९२४ मध्ये माणसावर पहिले डायलिसिस, म्हणजे यंत्राद्वारे रक्तशुद्धी, केले तेही हिरुडिन वापरूनच, आणि ते अवघी १५ मिनिटे चालले. हिरुडिनची शुद्धता बेभरवशाची असल्याने त्यांनी १९२८ मध्ये हेपारिन वापरले. रक्त गोठू न देणारे हे दुसरे द्रव्य मॅक्लीन यांच्या १९१६ च्या संशोधनातून पुढे आले होते. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये हॉलंडमधील काम्पेन येथे फिरत्या ड्रमवर सेलोफेनची नळी गुंडाळून यंत्र बांधले. त्यांचे सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले आणि १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री वाचली. कृत्रिम मूत्रपिंडाचा इतिहास हा अशा रीतीने रक्त न गोठू देण्याच्या औषधांचाही इतिहास आहे.

ग्वाल्हेरच्या लष्करात, जयाजीराव शिंदे यांच्या नावाने चालणाऱ्या जयारोग्य रुग्णालयाशी जोडलेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले, तेव्हा रक्त गोठू न देणारे वॉरफरिन अजून औषध नव्हते. बुरसटलेला क्लोव्हर चारा खाल्लेल्या गुरांचे रक्त वाहत राही. विस्कॉन्सिनच्या एका शेतकऱ्याने १९३३ मध्ये न गोठलेल्या रक्ताचा दुधाचा कॅन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आणून ठेवला. त्याच्या शोधातून वॉरफरिन हे उंदीर मारण्याचे विष निघाले आणि १९५४ मध्ये तेच माणसांसाठी मान्य झाले. विष आणि औषध यांतील अंतर येथे केवळ मात्रेचे आहे.

मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात ही मात्रा चुकणे विशेष सोपे असते. रक्तात साचलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे प्लेटलेट, म्हणजे गुठळीची पहिली ठिगळे रचणाऱ्या पेशी, संख्येने पुरेशा असूनही नीट चिकटत नाहीत. जोडीला रक्तक्षय असल्यास लाल पेशींच्या अभावी त्या रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलल्या जात नाहीत. म्हणून १९८० च्या दशकात रक्तक्षय सुधारल्यावर रक्तस्रावही कमी होतो, असे दिसून आले. शिवाय डॅबिगाट्रानसारखे रक्त गोठू न देणारे नवे औषध सुमारे ८० टक्के मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि तो मार्ग बंद झाल्यास शरीरात साचते, तर अ‍ॅपिक्साबानचा तसा भाग सुमारे २७ टक्केच असतो. विलक्षण म्हणजे याच रुग्णांना गुठळ्यांचाही धोका अधिक असतो, त्यामुळे औषध सरसकट बंद करणे हाही निर्दोष मार्ग नाही. आतल्या आत होणारा स्राव काळ्या, डांबरासारख्या शौचाने, पोट वा पाठ दुखण्याने किंवा अचानक उठलेल्या डोकेदुखीने प्रकट होतो. ज्याला असा स्राव चालू आहे, त्याचे डायलिसिस आज हेपारिनविनाही, नळ्या ठराविक वेळाने सलाइनने धुऊन, केले जाते.