रूपपालटाचा अभ्यास आणि अमेरिकेतील स्त्रीवादी रंगभूमी

स्त्रीवादी रंगभूमीचा उगम सामान्यतः राजकीय चळवळीत शोधला जातो. ते योग्यच होय. परंतु अमेरिकेपुरते पाहता, या रंगभूमीस तिची नाट्यभाषा कोठून लाभली, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी नटांच्या तालमीत सापडते.

इ. स. १९६३ मध्ये जोसेफ चायकिन व त्यांचे सहकारी यांनी न्यूयॉर्क येथे 'ओपन थिएटर' ही संस्था स्थापन केली. त्या काळी अमेरिकन नटाच्या शिक्षणावर स्तानिस्लाव्हस्कीच्या विचारांतून निघालेल्या 'मेथड' पद्धतीचा प्रभाव होता. पात्राच्या मनोव्यापारांत सुसंगती शोधणे हे तिचे मुख्य सूत्र. ओपन थिएटरने ते बाजूस सारले. व्हायोला स्पोलिन यांच्या नाट्यखेळांच्या आधारे येथे रूपपालटाचा अभ्यास करण्यात येई. प्रसंग चालू असतानाच नटाने वय, स्थळ, नाते, किंबहुना स्त्रीत्व-पुरुषत्वही एकाएकी पालटावयाचे; त्याचे कारण मात्र द्यावयाचे नाही.

भूमिका ही उपजत नसून धारण केलेली असते, हे या अभ्यासाने नटीस प्रत्यक्ष कृतीतून शिकविले. संस्थेच्या नाटककार मेगन टेरी यांच्या 'काम डाउन मदर' (१९६५) या नाटकात तीनच नटी आई, मुलगी, वृद्धा, वेश्या अशी रूपे क्रमाने घेतात. स्त्रीचा एकच एक 'स्वभाव' असतो, ही समजूत तेथे रचनेनेच खोडून निघते.

तथापि केवळ तंत्राने स्त्रीवादी रंगभूमी जन्मास आली, असे म्हणता येणार नाही. हेच तंत्र टेरी यांनी 'व्हिएत रॉक'मध्ये (१९६६) युद्धाच्या विषयासाठी योजिले होते. ओपन थिएटर १९७३ मध्ये विसर्जित झाले. तेथे चायकिन यांच्यासमवेत 'टर्मिनल'चे दिग्दर्शन केलेल्या रॉबर्टा स्क्लार यांनी पुढे साँड्रा सीगल व क्लेअर कॉस यांच्या सहकार्याने 'विमेन्स एक्स्पेरिमेंटल थिएटर' उभारले आणि माता, कन्या व भगिनी यांचे संबंध हाच विषय घेतला. ओपन थिएटरच्याच म्युरिएल मिगेल यांनी १९७६ मध्ये 'स्पायडरवुमन थिएटर' स्थापिले. त्यात अमेरिकेतील आदिवासी स्त्रियांच्या स्वतःच्या कथा एकमेकींत विणल्या जाऊ लागल्या.

यावरून निष्कर्ष असा की, रूपपालटाच्या अभ्यासाने स्त्रियांना साधन दिले; त्याचा विनियोग कोणत्या प्रश्नासाठी करावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्यांना स्वतःच्या संस्था काढूनच मिळवावा लागला.